लोखंडाचा वारसा : किर्लोस्करवाडी ते चिकलठाणा

(छत्रपती संभाजीनगर येथे लघुउद्योजक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. त्यानंतर दीड-दोन दशकांनी चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली, ऐंशीच्या दशकात वाळूज आले आणि १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तेथे सुरू झाला. त्या कारखान्याच्या आधाराने ओतकाम, घडकाम, पत्राकाम आणि लेथकाम करणारी शेकडो लहान-मोठी कर्मशाळा या शहराभोवती उभी राहिली. एका शेडमध्ये दोन लेथ घेऊन ज्यांनी आरंभ केला, ते आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. मुलगा कारखान्यात बसतो, मुलगी सनदी लेखापाल झाली आहे, धाकटा परदेशात आहे, नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो आहे. या घरांतून एक प्रश्न सहसा उच्चारला जात नाही. वडिलांच्या हयातीत तो विचारणे अशुभ मानले जाते आणि मग तेराव्याची पाने उठताच तो सर्वांच्या तोंडी येतो. हा कारखाना कोणाचा?

या प्रश्नाचा विचार करायचा तर मराठी माणसाच्या लोखंडी उद्योगाचे सर्वांत जुने आणि सर्वांत सविस्तर नोंदलेले उदाहरण घ्यावे लागते. ते उदाहरण म्हणजे किर्लोस्करांचे. त्यातील यश जसे सर्वांना ठाऊक आहे, तसा त्यातील अलीकडचा कलहही सार्वजनिक नोंदीत आहे. म्हणूनच ते उपयोगी आहे. ज्या घराण्यात केवळ गोडवाच आहे, त्यापासून शिकण्यासारखे थोडे असते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंगांमधील फरक डोळ्यांना नीट उमगत नाही हे कळल्यावर त्यांनी रंग सोडून यांत्रिक आरेखन धरले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावला आले. तेथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह १८८८ मध्ये स्थापलेले 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे सायकलींचे दुकान होतेच. त्या दुकानातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली. भांडवल अडकले, तयार माल तसाच पडून राहिला आणि भाऊभाऊ घरच्या पैशावर तग धरून राहिले. आजचा कोणताही सल्लागार दुसऱ्याच महिन्यात हा धंदा बंद करायला सांगेल.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. त्या अडचणीच्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर माळजमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. निवडुंग माजलेला, सापांनी भरलेला तो माळ होता. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

येथे थोडे थांबून एक गोष्ट पाहायला हवी, कारण वारशाच्या चर्चेत ती नेहमी सुटते. वाडी एकट्या किर्लोस्करांनी उभारली नाही. त्यांच्यासोबत शंभोअण्णा जांभेकर होते, हिशेबाच्या वह्या मंगेशराव रेग्यांनी सांभाळल्या, यंत्रांच्या कल्पना अनंतराव फळणीकर लढवीत. यांतील कोणी परीक्षेत नापास झालेले, कोणी साधे कारकून म्हणून आलेले. रात्रीच्या पहाऱ्यावर तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दरोड्याची शिक्षा भोगून आलेले दोघे नेमले गेले आणि त्यांनी तो विश्वास राखला. या माणसांचे नाव कोणत्याही वंशावळीत नाही. पण साचा कसा बसवायचा, उधारी कोणाला द्यायची, कोणत्या गावचा शेतकरी पैसे बुडवणार नाही, हे ज्ञान त्यांच्याजवळ होते. कारखान्याचा तो अर्धा वारसा. तो मृत्युपत्राने देता येत नाही, जिवंतपणी शेजारी बसवूनच द्यावा लागतो.

आता मालकीकडे वळू. आपल्या गावगाड्यात लोहाराची भट्टी ही मालमत्ता नव्हतीच म्हटले तरी चालेल. भाता, ऐरण, हातोडा यांची किंमत ती किती? खरी मालमत्ता होती ती गावाची सेवा करण्याचा आणि सुगीत बलुते घेण्याचा हक्क. तो वंशपरंपरेने चाले. भाऊ वेगळे झाले की हक्काच्या तक्षिमा पडत आणि कित्येकदा वर्षाआड पाळी लावून काम होई. भाता एकच राही, पाळी बदले. ही व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचे कारण नाही. तिने माणसाला जन्माने एका कामाशी जखडून ठेवले. पण एक शहाणपण तिच्यात निश्चित होते. ज्या वस्तूचे तुकडे केल्याने ती नष्ट होते, तिचे तुकडे करायचे नाहीत, तिच्या उत्पन्नाची वाटणी करायची.

शास्त्राची परंपराही आपल्या दाराशीच आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा विचार ज्या ग्रंथावरून देशाच्या बहुतेक भागांत झाला, ती मिताक्षरा विज्ञानेश्वरांनी चालुक्यांच्या कल्याणी या राजधानीत लिहिली. ते कल्याण म्हणजे मराठवाड्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. त्यानंतर सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख आला. नीलकंठ भट्टांचे घराणे काशीत नांदले, पण ते मूळचे आपल्या पैठणचे. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात न्यायालयांनी मयूखाला अग्रमान दिला, उर्वरित मुंबई इलाख्यात तो मिताक्षरेच्या जोडीने मानला गेला. भारतरत्न पां. वा. काणे यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. मयूखाचे एक वैशिष्ट्य आजच्या श्रोत्यांना, विशेषतः भगिनींना, ठाऊक असावे. बहीण ही त्याच गोत्रात जन्मली आहे, म्हणून तिला वारसांच्या क्रमात इतर प्रांतांच्या मानाने बरेच वरचे स्थान मयूखाने दिले. मुलीला वारसा देणे ही काही परकी, आयात केलेली कल्पना आहे, असे जे अधूनमधून ऐकू येते, त्याला पैठणच्या या पंडिताने तीनशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे.

मिताक्षरेची अडचण मात्र कारखान्याला जाचते. वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो आणि कोणीही सहदायाद मनात येईल तेव्हा वाटणी मागू शकतो. शेत असेल तर बांध घालता येतो, वाडा असेल तर मधे भिंत उभारता येते. भट्टीला भिंत कोठे घालणार? एका भावाने साचे न्यायचे आणि दुसऱ्याने झोतयंत्र, असे केले तर दोघांकडे भंगार उरते. लोखंडाच्या धंद्यात भांडवल जड असते आणि ते एकत्र असेल तरच त्याला किंमत असते.

लक्ष्मणरावांनी या अडचणीवर १९२० मध्ये तोड काढली. किर्लोस्कर ब्रदर्सचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. भांडवलाची गरज हे त्याचे उघड कारण. पण वारशाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट त्यातून घडली. त्या दिवसापासून लेथ, भट्टी, जमीन ही किर्लोस्करांची राहिली नाही, ती कंपनीची झाली. किर्लोस्करांजवळ राहिले ते भाग. घरात कितीही फाटाफूट झाली तरी भट्टीला भिंत पडणार नाही, ही व्यवस्था त्या एका कागदाने केली. कारखान्याचा गल्ला आणि घरातील फडताळ यांच्यामध्येही त्याच कागदाने रेघ ओढली. आपल्या वसाहतींतील किती शेडमध्ये ही रेघ आजही ओढलेली नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे.

दुसऱ्या पिढीने केले ते अधिक अनुकरणीय. शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातून पदवी घेऊन परतले आणि वाडीतच कामाला लागले. वडिलांचा कारखाना भावंडांत आणि चुलत भावंडांत वाटून घेण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. हरिहरला १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्कर निघाली, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळुरात विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. घरातील कर्त्या माणसांना नवे क्षेत्र, नवे गाव आणि नवी जबाबदारी मिळाली. पुतणे शंकरराव यांना लोखंडाची ओढ नव्हती, त्यांना लेखणीची होती. वाडीतूनच १९२० मध्ये निघालेले मासिक त्यांनी असे वाढवले की सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध मराठी घरांत पोहोचले ते त्याच्या पानांतून. पुतण्या कारखान्यात रमत नाही म्हणून त्याला नालायक ठरवणारे काका आपण पुष्कळ पाहतो. येथे त्याला त्याचे काम मिळाले आणि महाराष्ट्राला 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिके मिळाली.

गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत वाडीच्या कारखान्याची मोठी हानी झाली. ज्यांच्यावर काहीही आरोप नव्हता त्यांच्या हातची कमाई जळाली. तरीही कारखाना पुन्हा उभा राहिला. भाग कोणाच्या नावावर आहेत, एवढ्यावर असा कारखाना उभा राहत नाही, हे त्या वर्षी दिसले.

लक्ष्मणरावांचे निधन १९५६ मध्ये झाले, शंतनुरावांचे १९९४ मध्ये. त्यानंतर सूत्रे मुख्यतः नातवंडांच्या पिढीकडे गेली आणि येथून गणित बिघडते. हे कोणाच्या स्वभावाविषयी बोलणे नव्हे, साधा हिशेब आहे. एकाची चार मुले, चारांची सोळा. तिसऱ्या पिढीत प्रत्येकाकडे सव्वासहा टक्के येतात. पहिल्या पिढीत निर्णय एका पाटावर बसून होत होता, तिसऱ्या पिढीत त्यासाठी करार लागतो. किर्लोस्करांच्या एका शाखेत ११ सप्टेंबर २००९ रोजी असा कौटुंबिक करार झालाही. एकमेकांच्या क्षेत्रात स्पर्धा न करण्याचा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. ऑइल इंजिन कंपनीने २०१७ मध्ये पंप बनवणारी गुजरातेतील ला-गज्जर ही कंपनी घेतली आणि त्या कराराचा अर्थ काय, यावरून संजय किर्लोस्कर एका बाजूस व त्यांचे बंधू अतुल आणि राहुल दुसऱ्या बाजूस असा वाद न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये परिस्थिती जैसे थे ठेवण्यास सांगून मध्यस्थीचा मार्ग सुचवला. कोणाचे म्हणणे बरोबर, हे सांगणे न्यायालयाचे काम आहे, व्यासपीठाचे नव्हे. आपल्याला घ्यायचे ते एवढेच की १९२० चा कागद भट्टीचे रक्षण करू शकला, पण क्षेत्राचे आणि नावाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. किर्लोस्कर हे नाव वापरण्याचा हक्क किर्लोस्कर प्रोप्रायटरी नावाच्या वेगळ्या कंपनीकडे ठेवण्यात आला, ही दूरदृष्टी खरी. पण नांगराच्या फाळावर उठवलेले आडनाव हीच एक दिवस मालमत्ता होईल, याची कल्पना बेळगावच्या त्या दुकानात कोणाला असणार?

आपल्या शहरात परत येऊ. वाळूजमध्ये जैन घराण्यातील दोन जुळ्या भावांच्या, अनुरंग आणि तरंग यांच्या, एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या दोन स्वतंत्र कंपन्या आहेत आणि दोन्ही मोठ्या आहेत. एका छपराखाली दोघे कोंडले गेले नाहीत. भोगले कुटुंबाने १९६८ मध्ये येथेच सुरू केलेले निर्लेप २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सकडे गेले, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. ती स्वाभाविक आहे. तव्यावरचे ते नाव प्रत्येक घरातले होते. तरीही योग्य वेळी, योग्य हाती उद्योग सोपवणे हाही वारसा चालवण्याचाच एक प्रकार आहे, हे समजून घेतले पाहिजे. कुलूप लागलेल्या शेडपेक्षा दुसऱ्याच्या नावाने चालणारी शेड कामगाराला नेहमीच बरी.

आता कायद्याकडे थोडे वळणे भाग आहे, कारण बहुतेक घरांतील समजुती चुकीच्या आहेत. वडिलांनी स्वतः कमावलेले भाग आणि मृत्युपत्र नाही, अशी स्थिती असेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि हयात असेल तर मृताची आई, हे सारे समान वाट्याचे वारस होतात. नव्वदीच्या घरातील आजी वारस आहे, हे कित्येकांना वकिलाकडे गेल्यावर कळते. वडिलार्जित मिळकतीत मुलीला सहदायादाचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला होता, मात्र त्याआधी विवाह झालेल्या मुलींना वगळून. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले की हा हक्क जन्माने आहे, त्या तारखेस वडील हयात असण्याची अट नाही. लग्नात इतके केले, आता तिचा काय संबंध, हे वाक्य कायद्यात टिकत नाही आणि धर्मातही टिकत नाही. रक्षाबंधनाला बहिणीला ओवाळणी घालायची आणि दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवायचे, हा प्रकार आपल्याच घरांत चालतो, तो थांबवणेही आपल्याच हाती आहे. बहिणीने स्वखुशीने सोडले तर गोष्ट वेगळी. पण सोडण्यापूर्वी त्या भागांची किंमत तिला सांगितलेली असावी.

याच कायद्याचे २२ वे कलम फार थोड्यांना माहीत आहे. वारसांपैकी एखाद्याला धंद्यातील आपला हिस्सा विकायचा असेल तर तो घेण्याचा पहिला हक्क इतर वारसांना आहे आणि किमतीवर एकमत होत नसेल तर ती न्यायालय ठरवते. कारखाना घराबाहेर जाऊ नये आणि ज्याला बाहेर पडायचे आहे तो अडकूनही पडू नये, असा दोन्हीकडचा विचार त्यात आहे.

नामनिर्देशनाविषयीही मोठा गैरसमज आहे. बँकेत आणि भागांवर मोठ्या मुलाचे नाव लावले की काम झाले, असे मानले जाते. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या वारशासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी सांगितले की नामनिर्देशित व्यक्ती भागांची मालक होत नाही, खरे वारस उत्तराधिकाराच्या कायद्याने वा मृत्युपत्रानेच ठरतात. तिथी-वार सांगणारी ती दिनदर्शिका ज्या भिंतीवर टांगलेली असते, त्याच भिंतीखालच्या कपाटात पुष्कळांची अपुरी कागदपत्रे पडलेली असतात.

आणि ज्यांच्याकडे कंपनी नाही, साधी भागीदारी आहे, त्यांनी तर आजच संध्याकाळी तो करार काढून वाचावा. १९३२ च्या कायद्याप्रमाणे करारात वेगळे लिहिलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. भागीदार दोघेच असतील तर लिहूनही ती वाचत नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. दोन भावांनी मिळून चालवलेल्या कर्मशाळेत थोरला गेला की बँकेचे खाते, विक्रीकराच्या जागी आलेली वस्तू व सेवा कराची नोंदणी, ग्राहक कंपनीकडचा पुरवठादार क्रमांक, सारेच एकाच आठवड्यात प्रश्नांकित होते. त्या आठवड्यात घरात रडायलाही वेळ मिळत नाही.

चिकलठाण्याचा किंवा वाळूजचा भूखंड 'आपला' आहे, हेही पूर्ण खरे नाही. औद्योगिक विकास महामंडळ तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते, आणि पट्ट्याचे हस्तांतर महामंडळाच्या नोंदीतून जावे लागते. म्हणजे जमीन महामंडळाची, यंत्रे कंपनीची आणि बहुधा बँकेकडे तारण, भाग कुटुंबाचे. आता त्या कुटुंबातील आई संचालक म्हणून कागदावर असते. लेखापालाने पेन्सिलीने खूण केलेल्या जागी ती वर्षानुवर्षे सही करत आलेली असते. त्या सहीवर तिचे घर तारण जाते, तिचे दागिने नव्हे पण तिचे उर्वरित आयुष्य गुंतते. येत्या दिवाळीच्या वहीपूजनाला मुलांनी आणि मुलींनी तिला शेजारी बसवावे, ताळेबंद उघडावा आणि कोणत्या पानावर ती कशासाठी सही करते, ते तिला मराठीत वाचून दाखवावे. वडिलांनीही त्या वेळी जवळ असावे आणि मृत्युपत्राचा मसुदा तेव्हाच बाहेर काढावा.